पाट, पाते आणि चकती

नांदेडच्या दक्षिणेस, मन्याड नदीच्या काठी वसलेल्या कंधारचा इतिहास लिहू पाहणारा मनुष्य स्वाभाविकपणेच किल्ल्याच्या दरवाजातून आत शिरतो, कारण राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण (इ. स. ९३९ ते ९६७) याच्या नावाशी निगडित असलेले हे दुर्गनगर, त्याच्या परिसरातील जगत्तुंग समुद्र नावाचा विस्तीर्ण जलाशय, १६३१ साली शाहजहानच्या फौजेने अहमदनगरच्या निजामशाहीकडून हिसकावून घेतलेली ही तटबंदी आणि पुढे १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत येथे चाललेला आसफजाही अंमल, या साऱ्यांची साक्ष ते दगड देत उभे आहेत. परंतु ज्या लोखंडाने तलवारीची धार घडविली, त्याच लोखंडाने रोजच्या भाजीची धारही घडविली, आणि किल्ल्याच्या शस्त्रागाराची नोंद दफ्तरात ज्या आस्थेने झाली तिच्या शतांश आस्थेनेही चुलीपाशी पडलेल्या विळीची नोंद कोणी केली नाही, ही गोष्ट मला फार दिवस बोचत आली आहे. आज हॉटेलांच्या आणि मंगल कार्यालयांच्या भटारखान्यांत विजेवर फिरणारी, चकत्या बदलून वेगवेगळे काम करणारी भाजी कापण्याची यंत्रे दिसू लागली असताना, त्या यंत्रांचा पूर्वेतिहास आपल्याच घरातील लाकडी पाटावर लिहिलेला आहे, हे दाखवावे एवढाच या लेखाचा हेतू.

विळीची रचना पाहा. एक पाट, त्यात ठोकून बसविलेले वाकडे पाते, आणि असलीच तर पात्याच्या टोकाशी दातेरी खवणी. बसणारी बाई एका पायाने किंवा गुडघ्याने पाट दाबून धरते आणि दोन्ही हात मोकळे ठेवून फळ पात्यावर आणते. म्हणजे सुरीच्या कामात जेथे वस्तू स्थिर आणि धार चालती असते, तेथे विळीच्या कामात धार स्थिर आणि वस्तू चालती असते. ही उलटापालट वरवर क्षुल्लक वाटते, पण कापण्याचे अवघे यंत्रशास्त्र तिच्यातून निघते. धार नुसती दाबली तर पिकलेला टोमॅटो चेपतो. तीच धार किंचित ओढली गेली तर साल विनासायास दुभंगते. विळीचे पाते वक्राकार असल्यामुळे, हात सरळ पुढे नेला तरी फळ धारेवरून तिरपे घसरत जाते आणि ओढीचा हा गुण चिरणारीने मुद्दाम काही न करता तिच्या पदरात पडतो. कोणा गणितज्ञाने हा वक्र आखून दिलेला नाही. लोहाराच्या घणाने आणि गृहिणीच्या तक्रारीने तो पिढ्यान्‌पिढ्या घडत गेला.

हे उपकरण केवळ मराठी नव्हे. कंधारपासून पूर्वेकडे गेले की तेलुगू मुलूख लागतो, तेथे यास ‘कत्तिपीट’, म्हणजे सुरीचा पाट, म्हणतात. दक्षिणेकडे कानडी मुलखात ‘ईळिगे मणे’ म्हणतात, आणि आमच्या खेड्यांतील बाया विळीला ‘इळी’ म्हणतात तेव्हा त्या शब्दाचे कानडी शब्दाशी असलेले साम्य कानाला चटकन जाणवते. तीन भाषांच्या सीमेवर नांदणाऱ्या या प्रदेशात भाज्यांची नावे बदलली, मसाले बदलले, पण बैठक तीच राहिली. फरक पडला तो खवणीत. कोकणात ओल्या नारळावाचून स्वयंपाक पुरा होत नाही, म्हणून तेथे खवणी हा विळीचा प्राणच. मराठवाड्यात खोबरे येई ते सुके, ते किसणीवर किसले जाई किंवा कुटले जाई, आणि म्हणून आमच्याकडील कित्येक विळ्यांना खवणीच नसते. एकाच उपकरणाला गरजेप्रमाणे एखादा अवयव जोडावा किंवा वगळावा, ही कल्पना यंत्रकारांच्या आधी आपल्या सुतार-लोहारांनी व्यवहारात आणलेली होती.

पात्याच्या पोलादाविषयी लिहिताना जरा थांबावेसे वाटते. नांदेडच्या पूर्वेस, आजच्या तेलंगणात, निर्मळच्या डोंगरांतील खनिजापासून कोनसमुद्रम् या गावी जे पोलाद मुशींत शिजविले जाई, त्याची कीर्ती थेट इराणपर्यंत होती, डॉ. हेन्री व्हॉयसी याने या गावाचे जे वर्णन लिहून ठेवले आणि जे १८३२ साली प्रसिद्ध झाले, त्यात हे पोलाद खरेदी करण्याकरिता येऊन राहणाऱ्या इराणी व्यापाऱ्याचा उल्लेख आहे. दमास्कसच्या नावाने जगभर मिरविलेल्या तलवारींचे पोलाद आमच्या इतक्या जवळच्या भट्ट्यांतून बाहेर पडत होते. ते मोलाचे पोलाद विळीच्या वाट्याला आले असेल असे मी म्हणत नाही. पण धातू तापविणे, त्याला पाणी पाजणे, धार उतरविणे या विद्येचे वातावरण या मुलखात किती घट्ट होते, हे त्यावरून कळते. खुद्द नांदेडास गुरू गोविंदसिंग १७०८ साली निवर्तले, आणि त्यांच्या तख्ताच्या आश्रयाने शस्त्रांचे पूजन करणारी परंपरा येथे रुजली. शस्त्रे घडविणे व उजळणे हा ज्यांचा पिढीजात पेशा, त्या शिकलगार शिखांची वस्तीही या शहरात आहे. शस्त्रांची मागणी सरली तशी तीच बोटे सुऱ्या, विळ्या, झारे आणि कढया यांच्याकडे वळली.

खेड्यातील व्यवस्था निराळी. तेथे पाट गावचा सुतार करी, पाते लोहार करी, आणि दोघांनाही त्याचा मोबदला खळ्यावर ज्वारीच्या रूपाने, बलुते म्हणून मिळे. पाते झिजले तर नवे बसवावे, पाट कुजला तर पाते उपटून दुसऱ्या पाटात ठोकावे. आमच्या घरातील विळीचे पाते आजीच्या लग्नातले, आणि त्याखालचा पाट तिसरा. तरीही ती ‘आजीची विळी’ होती, याविषयी घरात कोणाला कधी शंका आली नाही. ज्या गावी लोहार नसे तेथे घिसाडी येत. गाढवांवर किंवा गाडीवर संसार लादून, वेशीबाहेर पाल ठोकून, जमिनीत भाता पुरून बसलेला घिसाडी आणि त्याच्या समोर उभी राहून घणाचे घाव घालणारी त्याची बायको हे दृश्य ज्याने पाहिले आहे, त्याला स्त्रियांच्या बाहुबलाविषयी व्याख्यान देण्याची गरज नाही. मोटारी आल्यानंतर त्यांच्या मोडक्या कमानपाट्यांचे पोलाद या कारागिरांना गवसले, आणि पुष्कळ घरांतील विळ्या त्यामुळे पूर्वीपेक्षा कडक झाल्या.

मोठ्या प्रमाणावर कापण्याची गरज येथे नवी नाही. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते (हे गाव आज लोहा तालुक्यात मोडते), घोडे, उंट, गाढवे यांचा बाजार लोटतो, आणि हजारोंच्या मुखी अन्न पडावे लागते. कंधारात हाजी सय्याह यांच्या दर्ग्याचा उरूस होतो, तेव्हा देगांसाठी कांद्यांची रास पडते. अशा वेळी उपाय एकच असे: विळ्या वाढविणे. लग्नघरी आदल्या रात्री शेजारच्या बाया आपापली विळी काखेत मारून येत, कंदिलाच्या उजेडात रांगेने बसत, आणि वांग्यांच्या फोडी पाण्याच्या घंगाळात पडत राहत. प्रत्येक घटक स्वतंत्र, प्रत्येक घटक सारखा, आणि गरजेप्रमाणे संख्या वाढविता येणारा: आजचा अभियंता ज्या तत्त्वाला ‘मॉड्यूलर’ म्हणतो, ते तत्त्व त्या ओसरीवर गाणी गात बसलेले असे.

यंत्राने हे काम अंगावर घेतल्याचा एक ठळक दाखला हॉलंडातला. विल्हेल्म व्हान बेर्केल नावाच्या रॉटरडॅममधील खाटकाने, मांसाचे पातळ काप हाताने काढण्याच्या शिणाला कंटाळून, १८९८ साली एक यंत्र सिद्ध केले, ज्यात खोलगट तबकडीच्या आकाराचे पाते जागच्या जागी फिरे आणि मांस ठेवलेला सरकता पाट त्याच्या भेटीस जाऊन, परत येऊन, दर खेपेस एका कापाच्या जाडीइतका पुढे सरके. बेर्केलने विळी पाहिलेली असण्याचे काही कारण नाही; तरी धार जागेवर ठेवून वस्तू चालविण्याच्या ज्या निर्णयापाशी तो पोहोचला, तो आमच्या पाटावर शतकांपूर्वी झालेला होता. त्याच सुमारास आपल्याकडे बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) लोखंडी नांगराबरोबरच कडबा कापण्याची यंत्रे घडविण्याच्या खटपटीत होते, आणि १९१० साली औंध संस्थानातील माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. माणसाच्या आधी बैलाचे अन्न यंत्राने कापले गेले, यात मला कृषिप्रधान समाजाची एक सरळ नीती दिसते. त्या यंत्राच्या जड चक्राच्या आऱ्यांवर वाकडी पाती बोल्टांनी आवळलेली असतात. धार गेली की पाते उतरवावे, पाजळावे, पुन्हा चढवावे. चक्रावर बसविलेली विळीच ती.

मराठवाड्यात मात्र आसफजाही अमदानीत बाहेरचा माल करोडगिरी नाक्यावर अडे आणि महसूल भरून पुढे सरके; रेल्वे १९०० च्या आगेमागे नांदेडपर्यंत आली, कंधारास आली नाही. त्यामुळे स्वयंपाकघरात यंत्र उशिरा पोहोचले, आणि ते पोहोचले तेव्हा त्याचे रूप पुष्कळ पालटलेले होते. १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये पिएर व्हेर्दाँ याने खानावळींसाठी जे यंत्र पुढे आणले, त्या वळणाची यंत्रे आज राजकोट, कोइमतूर येथे तयार होऊन आमच्या बाजारात येतात. खाली मोटार व दंड, वर उघडझाप करणारे डोके, डोक्यात माल ढकलण्याची नळी, आणि दंडावर बसणारी, हाताने काढता-घालता येणारी चकती. चकतीचा पृष्ठभाग आणि पात्याची धार यांत जेवढी फट, तेवढी कापाची जाडी. डोके उघडले की मोटार बंद पडावी आणि अन्नाला लागणारा प्रत्येक भाग अवजारावाचून सुटा करून धुता यावा, ही या रचनेतील माझ्या मते सर्वांत शहाणी गोष्ट. कारण सांदीत अडकलेल्या कालच्या बटाट्याइतका भटारखान्याचा मोठा शत्रू नाही. अर्धापूरची केळी प्रसिद्ध. त्यांच्या वेफरांसाठी कढईवरच धरलेल्या हातकिसणीपासून विजेच्या चकतीपर्यंतचा प्रवास नांदेड भागाने आपल्या डोळ्यांदेखत पाहिला.

या यंत्राबरोबर येणाऱ्या चकत्यांची माळ पाहताना मला आपली क्रियापदे आठवतात. आपण भेंडी चिरतो, गवार मोडतो, मेथी निवडतो, सुपारी कातरतो, नारळ खवतो, गाजर किसतो, मांस खांडतो, काकडी कोचवतो. आणि जे हाती येते त्याला फोड, काप, चकती, काचरी, कीस अशी वेगवेगळी नावे देतो. हाताला एकच पाते पुरत होते, कारण सारे वैविध्य मनगटात होते. मनगट नसलेल्या यंत्राला प्रत्येक क्रियापदासाठी एकेक चकती घडवावी लागली: चिरण्याची, किसण्याची, चौकोनी फोडींची. त्यांच्यावर नावे नसतात, मिलिमीटरांचे आकडे असतात, आणि दोनच्या जागी चार चढविली तर भाजीचे शिजणेच बदलते, हे जाणणारा आचारी अजून लागतोच.

कोचवण्याची चकती मात्र अद्याप माझ्या पाहण्यात नाही. परवा कंधारातील एका लग्नाच्या भटारखान्यात यंत्राने दोन पोती कांदा बघता बघता संपविला, आणि कोशिंबिरीची वेळ आली तेव्हा एक वृद्ध आचारीण कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली, तिने काकडी तळहातावर उभी धरली, तिच्यावर सुरीचे बारीक बारीक उभे घाव घातले आणि मग एका आडव्या ओढीने तो सारा चुरा परातीत उतरविला.