‘वर’ची कुळकथा

श्रीगोंदा तालुक्यात माणूस गावात राहतो, पण वस्तीवर राहतो. शेतात काम करतो, पण भाकरी घेऊन शेतावर जातो. कारखान्यात यंत्रे असतात आणि नोकरी कारखान्यावर असते. जमीन बापाच्या नावावर असते, कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर चढतो, ऊसतोडणीची मजुरी टनावर ठरते, टोळी उचलीवर बांधली जाते, ज्वारी पावसावर येते आणि लिंबाची बाग कुकडी कालव्याच्या आवर्तनावर तगून राहते. पोरगा आजोबांवर गेलेला असतो. जेवणावर पान खातात, त्यावर गप्पा होतात. यातला कुठलाही ‘वर’ काढून पाहा, वाक्य जागीच कोसळेल.

शाळेत मात्र इंग्रजीच्या तासाला फळ्यावर एकच ओळ येते: वर म्हणजे ‘ऑन’. पुस्तक टेबलावर आहे, टेबलाच्या जागी टेबल, वरच्या जागी ऑन, संपले. मुले ती ओळ पाठ करतात आणि मग ‘जेवणावर पान’पासून ‘जमिनीवरून भांडण’पर्यंत सगळीकडे ऑन लावत सुटतात. त्या मुलांना कुणी सांगत नाही की ‘ऑन’ वेगळ्या घराण्यातला आहे. आपल्या ‘वर’चा रक्ताचा भाऊ इंग्रजीत आहे, त्याचे नाव ‘ओव्हर’. ही सोयरीक किती जुनी आणि किती पक्की आहे, हे सांगण्यासाठी हा लेख.

मूळ शब्द ‘उपरि’. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या नासदीय सूक्तात सृष्टीच्या आरंभाविषयी प्रश्न विचारताना ‘खाली’ आणि ‘वर’ या अर्थाचे शब्द येतात, त्यातला दुसरा हाच. पाणिनीनेही त्याची दखल घेतली. अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात त्याची सिद्धी आहे आणि दुसऱ्या अध्यायातल्या नियमाप्रमाणे अशा शब्दाजवळच्या नामाला षष्ठी लागते. म्हणजे ‘घरावर’ म्हणायचे तर संस्कृतात ‘गृहस्य उपरि’, घराच्या वर. हा नियम नीट लक्षात ठेवायला हवा, कारण मराठीतली एक फार मोठी गोष्ट त्याच्यापाशी उलगडते.

प्राकृतात, विशेषतः महाराष्ट्री प्राकृतात, दोन स्वरांमधला ‘प’ मऊ होऊन ‘व’ होतो. दीपाचा दिवा झाला, कपाटाचे कवाड झाले, सपादचा सव्वा झाला. तसाच उपरिचा ‘उवरि’ झाला. पुढे आरंभीचा ‘उ’ गळाला. हेही एकट्या ‘वर’च्या बाबतीत घडलेले नाही. आपले ‘बसणे’ हे क्रियापद संस्कृत उपविशतिपासून असाच ‘उ’ टाकून आले. राहिला ‘वरि’. तेराव्या शतकात शके 1212 मध्ये नेवाशाला, म्हणजे याच नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर), ज्ञानेश्वरी सांगितली गेली तेव्हा त्याचे रूप ‘वरि’ किंवा ‘वरी’ होते. श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ लिहीत होते, तेव्हाही ओवी-अभंगांत ‘वरी’ सर्रास चालत होता. पंढरीचा विठ्ठल तर अभंगांत अजून विटेवरीच उभा आहे. बोलण्यात शेवटची ‘ई’ झिजली आणि आजचा दोन अक्षरांचा ‘वर’ उरला. कोकणीने तोच ‘वरि’ जरा उलटून ‘वयर’ केला. हिंदीकडे प्राकृतातला दुसरा, ठसठशीत उच्चाराचा ‘उप्परि’ गेला, म्हणून तिथे ‘ऊपर’ आणि ‘पर’ यांत ‘प’ टिकला.

आता त्या षष्ठीकडे येऊ. आपण ‘घरवर’ म्हणत नाही, ‘घरावर’ म्हणतो. ‘झाडवर’ नाही, ‘झाडावर’. मधला हा ‘आ’ कुठून आला? शाळेत त्याला सामान्यरूप म्हणतात आणि पुढे जातात. पण तो ‘आ’ म्हणजे जुन्या विभक्तीचा अवशेष आहे. ‘गृहस्य उपरि’ प्राकृतात ‘घरस्स उवरि’ झाले. ‘स्स’ झिजत झिजत गेला आणि जाताना मागचा स्वर लांबवून गेला: घरा-वरि. बहुतेक अभ्यासक सामान्यरूपाचा उगम असाच प्राकृतातल्या षष्ठीत शोधतात. (फ्रेंच पंडित ज्यूल ब्लॉक यांनी चतुर्थीचाही विचार मांडला आहे. त्यांच्या ग्रंथाचा वा. गो. परांजपे यांनी केलेला ‘मराठी भाषेचा विकास’ हा अनुवाद 1941 साली निघाला, तो जिज्ञासूंनी जरूर वाचावा.) म्हणजे श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टीच्या बाजारात कुणी ‘गाडीवर’, ‘बैलावर’, ‘खळ्यावर’ म्हणतो तेव्हा पाणिनीने सांगितलेली षष्ठी त्याच्या तोंडात अजून शिल्लक असते. मराठी व्याकरणात मला यापेक्षा सुंदर दुसरे काही दिसत नाही.

पाणिनीने उपरिची द्विरुक्तीही सांगितली आहे, ‘उपर्युपरि’, जवळपणा दाखवायला. आपण ‘वरवर’ आणि ‘वरचेवर’ म्हणतो. अर्थ पार बदलले, पण शब्द दुमडण्याची सवय घरात राहिली.

आता भाऊबंदांकडे वळू. उपरिचे सगे ग्रीकमध्ये ‘हुपेर’, लॅटिनमध्ये ‘सुपर’, जर्मनमध्ये ‘यूबर’ आणि इंग्रजीत ‘ओव्हर’. ग्रीक आणि लॅटिनने ‘प’ राखला. इंग्रजीत त्या ‘प’चा आधी ‘फ’ झाला आणि मग दोन स्वरांमध्ये तो मऊ होऊन ‘व’ झाला. मराठीतही ‘व’च झाला, पण स्वतंत्रपणे, हजारो मैलांवर, दुसऱ्याच वाटेने. म्हणून ‘वर’ आणि ‘ओव्हर’ आज कानाला जितके जवळ वाटतात, तितके ते मधल्या काळात नव्हते. हे साम्य कुणी कुणाकडून उचललेले नाही. एकाच आजोबांची दोन नातवंडे दूरदूर वाढली आणि चेहरेपट्टी पुन्हा जुळली.

इराणी शाखा तर आपल्या आणखी जवळची. अवेस्तात ‘उपइरि’, जुन्या फारसीत ‘उपरिय’. दारयवहू राजाच्या बेहिस्तूनच्या शिलालेखात हा शब्द कोरलेला आहे. पुढे मधल्या फारसीत ‘अबर’ आणि नव्या फारसीत ‘बर’. इथे ‘प’चा ‘ब’ झाला. हा ‘बर’ सुलतानी आणि मोगली दफ्तरांतून दख्खनेत आला आणि श्रीगोंद्याच्या परिसरात आपल्या ‘वर’ला भेटला.

भेटीची जागा सांगायची तर भीमेकाठचे पेडगाव. मोगल सुभेदार बहादूरखानाने इथे आपला तळ भक्कम केला म्हणून किल्ल्याला बहादूरगड नाव पडले. 1689 च्या फेब्रुवारीत कैद केलेल्या संभाजीराजांना इथेच औरंगजेबापुढे आणले. त्या छावणीचा कारभार फारसीत चाले. किल्ल्यातल्या यादवकालीन लक्ष्मीनारायण मंदिराभोवती राहणारी माणसे मराठी बोलत. एका बाजूला ‘वर’, दुसऱ्या बाजूला ‘बर’, नाते कुणालाच ठाऊक नाही. पण शब्द एकमेकांच्या घरी राहायला गेले. हुकमाप्रमाणे या अर्थाचा ‘बरहुकूम’ मराठी कागदांत रुळला. ‘बरखास्त’मधला ‘बर’ उठण्याचा, वर होण्याचा. सभा बरखास्त होते म्हणजे मुळात उठते. ‘बरकरार’, ‘बरदाश्त’, ‘बरतर्फ’ आले. शेवटच्याचे आपण ‘बडतर्फ’ केले, ‘र’चा ‘ड’ करून, आणि त्यात ‘बडा’ शब्द आहे की काय असा भास ठेवून दिला. चावडीवर लिहिलेल्या एका यादीत ‘वर’ आणि ‘बर’ एका ओळीत यायचे, असे दख्खनच्या जुन्या कागदांत कितीदा तरी घडले असेल.

महसुलातच या घराण्याचा आणखी एक शब्द आहे, ‘उपरी’. ज्याची जमीन वंशपरंपरेची तो मिरासदार किंवा थळकरी. ज्याला तसा हक्क नाही, जो बाहेरून येऊन कसतो, तो उपरी. झिजलेला ‘वर’ रोजच्या बोलण्यात आपलासा झाला आणि न झिजलेला ‘उपर’ ज्याला गावाने पुरते आपले मानले नाही त्याच्या वाट्याला आला. ‘उपरा’ शब्दातला सल आजही तितकाच जिवंत आहे.

इंग्रजी अमलात ‘ओव्हर’ आला, पण आधी सरकारी हुद्द्यांतून. कालव्याच्या, रस्त्याच्या कामावर ‘ओव्हरसियर’ असायचा, वरून पाहणारा. त्याच अर्थाचा लॅटिन घडणीचा शब्द ‘सुपरवायझर’: सुपर म्हणजे वर, पुढचा भाग पाहण्याचा. आणि तोच लॅटिन शब्द फ्रेंचमधून झिजून इंग्रजीत ‘सर्व्हे’ झाला. 1836 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी भीमेच्या खालच्या अंगाला इंदापुरात जमीनमोजणीची जी पद्धत बसवली, तीच पुढे दख्खनभर पसरली आणि प्रत्येक शेताला ‘सर्व्हे नंबर’ मिळाला. शेतकऱ्याच्या तोंडी तो आज इतका मुरला आहे की परका वाटतच नाही. त्यात आपला ‘वर’ लपलेला आहे हे माहीत असो वा नसो, जमीन ‘नावावर’ आहे का हे विचारताना आणि ‘सर्व्हे नंबर’ सांगताना शेतकरी एकाच कुळातले दोन शब्द उच्चारतो.

नंतरची भर मोजायला नको इतकी. ऊस ‘ओव्हरलोड’ भरलेल्या ट्रॉल्या हंगामभर रस्त्यावरून चालतात. दवाखान्यात ‘हायपरटेन्शन’ म्हणून ग्रीक चुलतभाऊ भेटतो. आणि चांगला पाऊस झाला की बातमी येते, विसापूर तलाव ओव्हरफ्लो झाला. हंगा नदीवरचा हा इंग्रजांच्या काळातला तलाव भरला की जुनी माणसे म्हणतात, सांडव्यावरून पाणी चाललं. दोन्ही वाक्यांत तेच मूळ, तीच कल्पना. मला दुसरे वाक्य जास्त आवडते, कारण त्यात सांडवा दिसतो.

या ‘वरून’कडेही जरा पाहावे. नगर-दौंड रस्त्यावरून जाणे, बोलण्यावरून ओळखणे, बांधावरून भांडणे. इंग्रजीत या तिसऱ्या अर्थाला ‘ऑन’ लागत नाही, तिथे नेमका ‘ओव्हर’ येतो. मर्यादेपलीकडे जाण्यालाही ‘ओव्हर’: शंभरावर, साठीवर. देखरेखीला, सत्तेलाही तोच: माणसांवर हुकूम चालवणे. पृष्ठभागाला चिकटून असणे, कशावर अवलंबून असणे, अशा अर्थांना ‘ऑन’ बरोबर. पण आपल्या ‘वर’च्या अर्थांचा मोठा भाग ‘ओव्हर’ उचलतो, आणि का उचलतो ते आता उघड आहे.

कुळकथा सांगताना खोटे नातेवाईकही बाजूला करावे लागतात. नवरदेव या अर्थाचा वर, देवाने दिलेला वर, हे ‘वृ’ धातूचे, म्हणजे निवडण्याचे. त्यांचा इथे संबंध नाही. ‘वरिष्ठ अधिकारी’ खुर्चीने वर असला तरी ‘वरिष्ठ’ शब्द उपरिपासून आलेला नाही. ‘आजवर’, ‘कुठवर’ यांतल्या ‘वर’बद्दल मात्र मी जपून बोलेन. जुन्या मराठीत ‘पर्यंत’ या अर्थी ‘वेरी’ असा शब्द होता आणि तो ‘वर’मध्ये मिसळला असावा. म्हणून त्याला मी सख्ख्यांत धरत नाही. ‘वरकड’, ‘वरखर्च’, ‘वरकमाई’, ‘वरचढ’ हे मात्र पक्के घरचे.

मग हे सगळे शाळेत का पोचले नाही? दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण 1836 साली निघाले. इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर शब्दांच्या आठ जाती आपल्याकडे पक्क्या झाल्या, आणि इंग्रजीत नामाआधी येणाऱ्या शब्दांच्या जोडीला आपली शब्दयोगी अव्यये बसवली गेली. मोरो केशव दामल्यांनी 1911 साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहिताना या साऱ्याची कसून चिकित्सा केली. पण पाठ्यपुस्तकांत उरल्या त्या फक्त याद्या: वर, खाली, पुढे, मागे, साठी, पासून. पाठ करा, परीक्षेत ओळखा. अव्यय म्हणजे न बदलणारा शब्द, अशी व्याख्या मुलांना देतात. उपरि, उवरि, वरि, वरी, वर, एवढे बदलून आलेल्या शब्दाची ओळख या व्याख्येने कशी होणार?

श्रीगोंद्याच्या, आणि खरे तर कुठल्याही गावच्या, मराठी आणि इंग्रजी शिक्षकांना माझी विनंती आहे. ‘वर’ शिकवण्याच्या आदल्या दिवशी मुलांना वही देऊन बाजारात, चावडीवर, कारखान्यावर, बसस्टँडवर पाठवा. माणसे ‘वर’ वापरून जे जे बोलतील ते उतरून आणायला सांगा. दुसऱ्या दिवशी त्यातले प्रत्येक वाक्य इंग्रजीत करून पाहा: कुठे ऑन लागतो, कुठे ओव्हर, कुठे ॲट, कुठे आफ्टर, कुठे काहीच लागत नाही. मुलांना इंग्रजी तर नीट येईलच. आणि त्या वह्या टाकून देऊ नका. वस्तीवरचा, मळ्यावरचा, उचलीवरचा हा ‘वर’ कोशांत पुरता उतरलेला नाही, तो उतरवून ठेवण्याचे काम त्या मुलांच्या हातून होईल.