मामाचे तीस शेक

मामाच्या तब्येतीबद्दल इतके फोन आले की प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावं म्हटलं. त्यातून सगळ्यांचा प्रश्न एकच. "अरे, दहा-पंधरा मिनिटांच्या शेकासाठी रोज कर्जतहून खारघर? एकदाच काय तो जोरात देऊन टाकत नाहीत का?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधता शोधता मी बराच मागे गेलो.

आधी दिवस कसा जातो ते सांगतो. सकाळी साडेसातला निघतो. चौकला जुना मुंबई-पुणे रस्ता लागतो, मग शेडुंग, पनवेल आणि खारघरचं टाटांचं केंद्र. फाईल द्यायची, नंबरची वाट बघायची. मामाचा मुखवटा तिथेच ठेवलेला असतो, नाव लिहून. पहिल्या खेपेला जाळीदार प्लॅस्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून त्याच्या चेहऱ्यावर दाबून बसवला होता. तो थंड होऊन कडक झाला की नाक, कपाळ, हनुवटी सगळं जसंच्या तसं. आता रोज टेबलावर झोपवून तो मुखवटा घट्ट अडकवतात, भिंतीवरच्या लेझरच्या रेघा त्यावरच्या खुणांशी जुळवतात आणि सगळे बाहेर जातात. मामा आत एकटा. बाहेरून कॅमेऱ्यात बघत असतात. दुखत काहीच नाही, असं तो म्हणतो. यंत्र डोक्याभोवती फिरतं तेवढ्यात त्याचे मनातल्या मनात दोन अभंग होतात. तोंड हलवायची सोय नाही ना!

आता "एकदाच का नाही" याचं उत्तर. पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये क्लोद रेगो नावाचा डॉक्टर होता. त्याने मेंढ्यांवर प्रयोग केले. एकाच मोठ्या मात्रेत किरण देऊन मेंढा निर्बीज करायला जावं तर वरची कातडी भाजून निघे. तीच गोष्ट थोडी थोडी करून दिली तर काम होई आणि कातडी वाचे. त्याचा सहकारी आंरी कुतार याने घशाच्या कॅन्सरवर हाच मार्ग वापरला, आठवडेच्या आठवडे रोज थोडं थोडं. निरोगी पेशी दोन शेकांमधल्या वेळात स्वतःची डागडुजी करून घेतात, गाठीच्या पेशींना ते तितकंसं जमत नाही. म्हणजे मामाच्या तीस खेपांचं मूळ शंभर वर्षांपूर्वीच्या त्या मेंढ्यांत आहे. हे मामीला सांगितलं तर ती म्हणाली, "मेंढ्याला निदान रोज पनवेलचा ट्रॅफिक तरी नव्हता."

दुसरा धागा आपल्याच गावचा. मामाच्या अंगणातून भिवपुरीच्या वीजघराचे नळ डोंगरावरून उतरताना दिसतात (भिवपुरी रोड स्टेशनशी गल्लत नको). खोपोलीचं वीजघर १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं. दोन्ही सर दोराबजी टाटांच्या काळातली. त्यांची पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने गेली, तीही इथे नाही, वेल्समध्ये. एवढी ऐपत असलेल्या माणसालाही बायकोला सातासमुद्रापार न्यावं लागलं! तसे उपचार आपल्याकडे व्हावेत ही त्यांची इच्छा, पण १९३२ मध्ये तेही गेले. पुढे टाटांच्या ट्रस्टने ते काम उचललं आणि २८ फेब्रुवारी १९४१ ला परळचं रुग्णालय उघडलं. १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे. खारघरचं केंद्र २००२ चं. देशी बनावटीचं भाभाट्रॉन हे कोबाल्टचं यंत्रही आधी तिथेच बसलं. वेल्सपासून परळ, परळपासून खारघर... अंतर कमी होत आलंय खरं, पण कर्जतच्या माणसाला अजून अर्धा दिवस लागतोच.

आम्हाला खरी भीती वेगळीच होती. मामाला शेकड्याने अभंग पाठ. डोक्याला शेक दिल्यावर ते राहतील का? पूर्वी किरण गाठीबाहेर बरेच सांडायचे. टाटामध्येच डॉ. राकेश जलाली आणि सहकाऱ्यांनी २००१ ते २०१२ या काळात संथ वाढणाऱ्या गाठींच्या २०० मुला-तरुणांवर तुलना केली. दोन्ही गटांना मात्रा सारखीच, ५४ ग्रे, ३० शेकांत. फरक एवढाच की एका गटात किरण गाठीच्या आकाराला अगदी नेमके बेतलेले. त्या गटाची बुद्धी आणि ग्रंथींचं काम जास्त चांगलं टिकलं. २०१७ साली हे छापून आलं. मामा साठीच्या पुढचा, तेव्हा मुलांचा निष्कर्ष त्याला तसाच लावता येणार नाही, हे डॉक्टरांनीही स्पष्ट सांगितलं. पण मुखवटा एवढा घट्ट का, हे त्यावरून मला कळलं. मान दोन-चार मिलिमीटर हलली तरी नेमकेपणाचा उपयोग काय?

अठरा शेक झाले. कानामागचे केस गळालेत, दुपारी फार झोप येते. परवा मात्र एका अभंगाचं तिसरं कडवं अडलं. आम्ही दोघं गप्प. शेडुंगच्या आसपास आठवलं त्याला, आणि मग घर येईपर्यंत थांबलाच नाही. शनिवार-रविवार सुट्टी असते, भेटायचं तर तेव्हा या. पेढे मात्र आणू नका, सूज उतरायच्या गोळ्यांनी साखर वाढलीय आणि त्याला समोर दिसलं की राहवत नाही.