दांत सांधण्याची विद्या आणि बीडचें पाणी

मोडलेलें हाड पुन्हा सांधतें, कापलेली कातडी भरून येते. पण दांतावरील कठीण कवच, ज्यास दंतवल्क म्हणतात, तें एकदां तुटलें वा डागाळलें कीं शरीर तें पुन्हा घडवीत नाहीं. यामुळें बिघडलेला दांत पूर्ववत् करण्याचें काम सर्वस्वीं मनुष्याच्या कारागिरीवर येऊन पडलें. ही कारागिरी कशी वाढली आणि बीड जिल्ह्यासारख्या प्रदेशांत तिची कसोटी कां लागते, हें पाहण्यासारखें आहे.

जुन्या दंतवैद्यांजवळ दांताला खरोखर चिकटून राहील असा पदार्थच नव्हता. चांदी व पारा यांचें मिश्रण पोकळींत भरावयाचें, तर तें निसटूं नये म्हणून तळाशीं रुंद व तोंडाशीं अरुंद असा खळगा कोरावा लागे. किडलेल्या भागाबरोबर निरोगी भागाचाही असा बळी जाई. ही अडचण १९५५ सालीं अमेरिकेंतील मायकेल बुओनोकोर यांनीं दूर केली. धातूवर रंग घट्ट बसावा म्हणून कारखान्यांत आधीं फॉस्फोरिक आम्ल लावीत. तेंच त्यांनीं दांताला लावून पाहिलें. आम्लानें गुळगुळीत कवच खरबरीत होतें, त्यावर डोळ्यांस न दिसणारीं सूक्ष्म छिद्रें पडतात, आणि त्यांत शिरलेली पातळ राळ घट्ट होतांच मुळें धरल्यासारखी रुतून बसते. पुढें राफेल बोवेन यांनीं खनिज भुकटी मिसळलेली टणक राळ सिद्ध केली. तिचें पेटंट १९६२ सालचें आहे. आज दांताच्या रंगाची ही राळ थरावर थर देऊन बसवितात व निळ्या प्रकाशानें क्षणांत कठीण करितात.

आतां बीडकडे वळूं. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. मुंबईस नायर दंत महाविद्यालय १९३३ सालींच निघालें. मराठवाड्यांत, तेव्हांच्या औरंगाबादेस, सरकारी दंत महाविद्यालय निघावयास १९८२ साल उजाडलें. मध्यंतरीं १९७२ चा दुष्काळ आला, आणि पाण्यासाठीं मराठवाड्यानें विंधन विहिरींची वाट धरली. खोल खडकांतील पाण्यांत फ्लोराइड अधिक असण्याचा संभव असतो. एका लिटरास दीड मिलिग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा होय. ती ओलांडणारें पाणी दांत घडण्याच्या वयांत, म्हणजे सुमारें आठ वर्षांपर्यंत, मूल पीत राहिलें, तर त्याचे कायमचे दांत खडूसारखे पांढरे वा तपकिरी पट्टे घेऊनच उगवतात. भारतांत या विकाराचें वर्णन प्रथम १९३७ सालीं मद्रास इलाख्यांतील नेल्लोर भागांतून झालें. २००८-०९ पासून चाललेल्या फ्लोरोसिस-नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमांत बीडचाही समावेश झाला.

अशा दांतांच्या मुलीस कोणी मिसरीची संवयी समजतो, कोणी अस्वच्छ. वस्तुतः तिचा अपराध एवढाच कीं ती आपल्या गांवचें पाणी प्याली. तिचे डाग राळेनें झांकतां येतात खरे. परंतु येथेंच निसर्गाचा एक विचित्र पेंच आहे. फ्लोराइड मुरलेलें कवच आम्लास सहज दाद देत नाहीं, आणि सारें सांधणें तर आम्लावरच अवलंबून! म्हणून वैद्यास आम्ल अधिक वेळ ठेवावें लागतें, किंवा वरचा पातळ थर आधीं घासून काढावा लागतो. एवढें करूनही कांहीं वर्षांनीं राळ झिजते, रंग बदलते, आणि खर्च पुन्हा उभा राहतो. ऊसतोडीसाठीं निम्में वर्ष परमुलखांत काढणाऱ्या कुटुंबास हा फेरा कसा परवडावा?

पाण्यांतील फ्लोराइड तुरटी व चुना यांनीं काढण्याची पद्धति नागपूरच्या 'नीरी' संस्थेनें बसविली. पूर्वीं निजामाच्याच राज्यांत असलेल्या नलगोंडा जिल्ह्याच्या नांवानें ती ओळखली जाते. दांत सांधण्याच्या विद्येचा गौरव अवश्य करावा. परंतु जें मूल आज जन्मास येत आहे, त्याला वैद्याच्या खुर्चीपूर्वीं या तुरटी-चुन्याची गरज आहे.