अलेक्झांडर (सिकंदर)

अनेक भाषांत रूढ असलेले एक प्राचीन ग्रीक पुरुषनाम. मूळ रूप ‘अलेक्सांद्रॉस’ असून ‘रक्षण करणे’ व ‘पुरुष’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून ते सिद्ध झाले आहे. इ. स. पू. तेराव्या शतकातील एका हिटाइट तहनाम्यात विलुसाचा राजा अलक्सांदु याचा उल्लेख येतो. ते याच नावाचे रूप असावे, असे बहुतेक विद्वान मानतात. होमरच्या इलियड  महाकाव्यात ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस यालाही हे नाव आहे. तथापि त्याला जगभर प्रसिद्धी मिळाली ती मॅसिडोनियाचा राजा तिसरा अलेक्झांडर (इ. स. पू. ३५६–३२३) याच्यामुळे.

अशोकाच्या तेराव्या शिलालेखात पाच समकालीन यवन राजांपैकी एकाचे नाव ‘अलिकसुदर’ असे आले आहे. हा एपायरसचा किंवा कॉरिंथचा राजा होय. मिलिंदपञ्ह  या पाली ग्रंथात मिलिंद राजा आपला जन्म ‘अलसंद’ येथे झाल्याचे सांगतो. अलेक्झांड्रिया या नगरनामाचे हे पाली रूप आहे.

अरबीत नावाच्या आरंभीचा ‘अल’ हा त्या भाषेतील निश्चयवाचक उपपद मानला गेला व ‘क्स’ या जोडाक्षराचा ‘स्क’ झाला. अशा रीतीने अल्-इस्कंदर व त्यापासून फारसी सिकंदर ही रूपे आली. इराणात या नावाचे भाग्य विलक्षण पालटले. पर्सेपोलिसचा राजवाडा जाळणाऱ्या (इ. स. पू. ३३०) या विजेत्यास झरथुष्ट्री पहलवी ग्रंथांनी ‘शापित’ म्हटले; पण फिर्दौसीच्या शाहनाम्यात (१०१०) तो इराणच्याच राजवंशातला, दारा राजाचा सावत्र भाऊ ठरला. शत्रूचे नाव असे आपलेसे झाल्यावर ते पराक्रमाचे द्योतक बनले. अलाउद्दीन खल्‌जीने नाण्यांवर स्वतःस ‘दुसरा सिकंदर’ म्हणविले. दिल्लीचा सिकंदर लोदी (कार. १४८९–१५१७) व सुमात्रातील आचेचा सुलतान इस्कंदर मुदा (कार. १६०७–३६) यांनी हेच नाव धारण केले. अल्बेनियाचा वीर स्कंदरबेग (१४०५–६८) याला ‘इस्कंदर बेग’ हे नाव ऑटोमन तुर्कांच्या सेवेत मिळाले आणि त्याच नावाने तो १४४३ पासून त्यांच्याविरुद्ध लढला.

यूरोपात इटालियन अलेस्सांद्रो, स्पॅनिश अलेहांद्रो, स्कॉटिश गेलिक आलास्टर अशी रूपे असून रशियनमध्ये साशा हे लाडके रूप आहे. मराठीत सिकंदर हे रूप फारसीतून व अलेक्झांडर हे इंग्रजीतून आले. इतिहासग्रंथांत ही दोन्ही रूपे एकाच व्यक्तीसाठी वापरली जातात.