आपत्कालीन अनुदान (स्वयंसेवी संस्था)

आपत्कालीन अनुदान म्हणजे दुष्काळ, पूर, भूकंप, साथीचे रोग अशा संकटसमयी दुर्बल घटकांची सेवा करणाऱ्या स्थानिक स्वयंसेवी संस्थांना अल्पावधीत व तुलनेने सोप्या अटींवर दिले जाणारे अर्थसाहाय्य होय. आपद्‌ग्रस्तांना मिळणाऱ्या सरकारी मदतीहून ते भिन्न आहे. पंचनाम्यानंतर महसूल यंत्रणेमार्फत मिळणारी रक्कम कुटुंबासाठी असते. अनुदान मात्र वृद्धाश्रम, बालगृह, महिला निवारागृह, दिव्यांगांची शाळा अशा संस्था संकटकाळातही चालू राहाव्यात म्हणून दिले जाते. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार स्थापन झालेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद निधीमुळे पहिल्या प्रकारच्या मदतीला महाराष्ट्रात कायद्याचा आधार आहे. दुसऱ्या प्रकारची मदत बव्हंशी देणगीदारांच्या इच्छेवर अवलंबून राहिली आहे.

इतिहास

१८७६-७८ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने पुणे परिसरात मदतकार्य उभारले. धनकवडी येथे व्हिक्टोरिया बालाश्रम काढून दुष्काळग्रस्त मुलांच्या अन्नाची सोय करण्यात आली. त्यासाठी जोतीराव फुले यांनी मे १८७७ मध्ये जाहीर पत्रक काढून मदतीचे आवाहन केले. सावित्रीबाई फुले यांनी २० एप्रिल १८७७ रोजी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात जुन्नर भागातील दुष्काळाचे व कार्यकर्त्यांच्या कामाचे वर्णन आढळते. आधी काम सुरू करायचे आणि मग पैशासाठी हाक द्यायची, हा क्रम तेव्हापासून आजतागायत फारसा बदललेला नाही.

पंडिता रमाबाई यांच्या कार्यात या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. त्यांच्या शारदा सदनाला (१८८९) अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे नियमित साहाय्य देण्याचे ठरवले होते. परंतु १८९७ मध्ये त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे दुष्काळपीडित मुली व स्त्रिया आणल्या, तेव्हा हा वाढीव भार ठरलेल्या वार्षिक वर्गणीत सामावणारा नव्हता. केडगावचे मुक्ती सदन पुढे प्रामुख्याने देणग्यांवर उभे राहिले.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात राज्य शासनाने लोकसहभागाचे काम स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेकडे सोपवले. गावोगावच्या स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून घरदुरुस्तीच्या कामात शासन आणि ग्रामस्थ यांच्यातील दुवा बनल्या. संस्थेच्या कामालाच पुनर्वसनाचा भाग मानल्याचे हे महत्त्वाचे उदाहरण होय.

कायद्याची चौकट

अनुदान मिळण्यासाठी संस्था नोंदणीकृत असावी लागते. महाराष्ट्रात ही नोंदणी सामान्यतः महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये धर्मादाय आयुक्तांकडे होते. शिवाय प्राप्तिकर कायद्यानुसार संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी आणि देणगीदाराला करसवलत मिळण्यासाठी स्वतंत्र नोंदण्या आहेत. २०२१ पासून त्यांचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीसाठी १ एप्रिल २०२१ पासून आणखी एक नोंदणी आवश्यक झाली असून, कंपनीने वा शासनाने स्थापन न केलेल्या संस्थेला तीन वर्षांच्या कामाचा अनुभवही दाखवावा लागतो. संकट आल्यावर जन्मलेले मंडळ त्यामुळे या निधीच्या कक्षेबाहेर राहते.

सर्वांत दूरगामी बदल परकीय योगदान (विनियमन) अधिनियम, २०१० मधील दुरुस्तीने झाला. २९ सप्टेंबर २०२० पासून, म्हणजे महासाथ ऐन भरात असताना, परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला ती रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास पूर्ण बंदी आली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि परदेशी देणगी स्वीकारण्यासाठी भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच खाते उघडणे बंधनकारक झाले. सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०२२ रोजी या मुख्य तरतुदी वैध ठरवल्या. मोठ्या संस्थेने निधी मिळवावा आणि तालुक्यातील लहान संस्थांना वाटावा, ही जुनी पद्धत परदेशी देणग्यांपुरती संपुष्टात आली. त्याच वर्षी ब्रिटनमधील नॅशनल इमर्जन्सीज ट्रस्ट मात्र नेमक्या याच पद्धतीने, स्थानिक प्रतिष्ठानांमार्फत, छोट्या संस्थांपर्यंत पैसा पोहोचवत होता.

२०२० ची टाळेबंदी आणि नाशिक

२५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागू झाल्यावर मुंबई, ठाणे व भिवंडीकडून निघालेले मजूर कसारा घाट चढून मुंबई–आग्रा महामार्गाने नाशिक जिल्ह्यातून पायी जाऊ लागले. महाराष्ट्रातून सुटलेली पहिली श्रमिक विशेष गाडी १ मे रोजी नाशिक रोड स्थानकातून भोपाळकडे गेली. दुसऱ्या दिवशी लखनौची गाडी निघाली. तोवरच्या पाच आठवड्यांत वाटसरूंच्या जेवणाचा मोठा भार नागरिकांचे गट, धार्मिक स्थळे आणि लहान संस्था यांनी उचलला.

एप्रिलमध्ये भारतीय अन्न महामंडळाने अन्नछत्रे चालवणाऱ्या संस्थांना लिलावाविना धान्य घेण्याची मुभा दिली. एका वेळी १ ते १० टन धान्य, गहू किलोला २१ रुपये व तांदूळ २२ रुपये असा दर होता. महामंडळाचे मोठे कोठार जिल्ह्यातच, मनमाडला आहे. सवलत निःसंशय उपयुक्त होती. पण टनभर गव्हासाठी २१ हजार रुपये, शिवाय वाहतुकीचे भाडे, संस्थेजवळ रोख असणे गरजेचे होते. नियमित देणगीदारांचे उत्पन्न थांबलेले असताना तीच अडचणीची बाब ठरे.

मोठ्या देणग्यांचा ओघ दुसरीकडे होता. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाने मुख्यमंत्री सहायता निधीला ५१ कोटी रुपये दिले. केंद्राच्या १० एप्रिलच्या स्पष्टीकरणानुसार कंपन्यांनी पीएम केअर्स निधीला दिलेली रक्कम सामाजिक दायित्वात धरली जाणार होती, मुख्यमंत्री निधीला दिलेली नव्हे.

नाशिक रोडजवळचे एकलहरे हे गाव औष्णिक विद्युत केंद्रामुळे परिचित आहे. अशा औद्योगिक गावांतील संस्थांची पहिली आशा जवळच्या कंपनीवर असते आणि कायदाही स्थानिक क्षेत्राला प्राधान्य देण्यास सांगतो. परंतु हा निधी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के असतो. त्यामुळे संकटाच्या वर्षातील तोट्याची झळ संस्थांना पुढची तीन वर्षे लागू शकते.

खर्च व हिशेब

देणगीदारांचा कल शिधा, ब्लँकेट, औषधे अशा दृश्य वस्तूंकडे असतो. काळजीवाहकांचे वेतन, भाडे, वीजबिल व डिझेल यांसाठी पैसा मिळणे कठीण जाते. वास्तविक अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला शिध्याइतकीच तो शिजवून भरवणाऱ्या माणसाची गरज असते.

अनुदानाचा विनियोग झाल्यावर लेखापरीक्षित हिशेब व उपयोगिता प्रमाणपत्र सादर करावे लागते. सोबत अनेक देणगीदार लाभार्थींची छायाचित्रे मागतात. बालगृहांच्या बाबतीत ही मागणी गंभीर ठरू शकते; काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड होईल असे छायाचित्र प्रसिद्ध करण्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार मनाई असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.