मोटारसायकल चालन प्रशिक्षक

मोटारसायकल चालन प्रशिक्षक म्हणजे नवशिक्या व्यक्तींना मोटारसायकल, स्कूटर व तत्सम दुचाकी वाहने सुरक्षितपणे चालविण्यास शिकविणारी अर्हताप्राप्त व्यक्ती होय. ब्रिटन, जपान, अमेरिका इत्यादी देशांत या कामासाठी स्वतंत्र प्रशिक्षण व परीक्षा आहेत. भारतात मोटारसायकल प्रशिक्षकाची अशी वेगळी परीक्षा नाही; मोटार ड्रायव्हिंग स्कूलमधील प्रशिक्षकाला लागू असणारी अर्हताच त्यालाही लागू होते. दुचाकीची अनुज्ञप्ती मिळविण्यासाठी ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र आवश्यक नसल्याने महाराष्ट्रात, विशेषतः ग्रामीण भागात, बहुसंख्य लोक दुचाकी घरातल्या किंवा ओळखीच्या माणसाकडून शिकतात. त्यामुळे प्रशिक्षकाच्या प्रशिक्षणाचा प्रश्न या देशात बराच काळ दुर्लक्षित राहिला आहे.

मोटारीच्या प्रशिक्षणाहून वेगळेपण

मोटार शिकविणारा प्रशिक्षक शिकणाऱ्याच्या शेजारी बसतो आणि त्याच्या पायाखाली स्वतंत्र ब्रेक व क्लच असतो. शिकणाऱ्याची चूक तो त्याच क्षणी सावरू शकतो. मोटारसायकलवर ही सोय करता येत नाही. प्रशिक्षक मागच्या आसनावर बसला तर वाहनाचे वजन वाढते, भार मागच्या चाकाकडे सरकतो आणि कमी वेगात तोल सांभाळणे नवशिक्याला आणखी अवघड जाते. गाडी पडली तर दोघेही पडतात. प्रशिक्षक जमिनीवर उभा राहिला तर शिकणारा काही सेकंदांतच त्याच्या हाताबाहेर जातो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. प्रशिक्षकाने ओरडून सूचना द्यावी व शिकणाऱ्याने ती ऐकून अमलात आणावी, एवढा अवधी तिथे नसतो.

या कारणाने मोटारसायकल प्रशिक्षकाचे बहुतेक काम शिकणारा गाडीवर बसण्याआधीच झालेले असावे लागते. कोणती जागा निवडायची, कोणता सराव कोणत्या क्रमाने द्यायचा, एखादा विद्यार्थी पुढच्या पायरीसाठी तयार आहे की नाही, याचे निर्णय म्हणजेच त्याचे ब्रेक व क्लच असे म्हणता येईल. उत्तम चालक उत्तम प्रशिक्षक असेलच असे नाही, याचे कारणही यातच आहे. सराईत चालकाच्या हातापायांच्या हालचाली सवयीच्या झालेल्या असतात. त्या सुट्या करून, नावे देऊन दुसऱ्याला सांगणे हे निराळे कौशल्य असून ते त्यालाही नव्याने शिकावे लागते.

भारतातील कायदेशीर तरतुदी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२ नुसार वाहनचालन शिकविणाऱ्या संस्थांना अनुज्ञप्ती देण्याची व त्यांचे नियमन करण्याची तरतूद आहे. तपशील केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये दिले आहेत. नियम २४ नुसार प्रशिक्षक किमान इयत्ता दहावी उत्तीर्ण असावा, त्याला वाहन चालविण्याचा किमान ५ वर्षांचा अनुभव असावा आणि शासकीय अथवा मान्यताप्राप्त संस्थेतून मोटार मेकॅनिक अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र किंवा यंत्र अभियांत्रिकीतील त्याहून वरची अर्हता त्याच्याकडे असावी. वाहतूक चिन्हे व नियमांचे सखोल ज्ञान, वाहनाच्या भागांचे कार्य प्रत्यक्ष दाखवून समजावण्याची क्षमता आणि इंग्रजी किंवा प्रादेशिक भाषेचे पुरेसे ज्ञान, याही अटी आहेत. ड्रायव्हिंग स्कूलची अनुज्ञप्ती ५ वर्षांसाठी असते.

वाहन चालविण्याचा अनुभव आणि यंत्राचे ज्ञान यांवर या अटींचा भर आहे. प्रशिक्षकाला शिकविता येते की नाही, हे तपासणारी अट मात्र जवळजवळ नाही. अनुभव दुचाकीचाच असावा असेही त्यात वेगळे म्हटलेले नाही.

दुचाकीबाबत नियमांत एक विसंगतीही आढळते. नियम ३ नुसार शिकाऊ अनुज्ञप्तीधारकाबरोबर पक्की अनुज्ञप्ती असलेला प्रशिक्षक असावा आणि तो वाहनावर नियंत्रण ठेवू शकेल किंवा ते थांबवू शकेल अशा जागी बसलेला असावा. मोटारसायकल शिकणाऱ्याने या कारणाखेरीज अन्य कोणालाही मागे बसवू नये, असेही हा नियम सांगतो. मात्र नियम २४ मध्ये, शिकविण्याच्या वाहनांना दुहेरी नियंत्रण असण्याच्या अटीतून मोटारसायकलींना वगळले आहे. मागे बसलेल्या प्रशिक्षकाचा पाय ब्रेकपर्यंत पोहोचत नाही. त्याला फार तर शिकणाऱ्याच्या खांद्यावरून हात पुढे करून हँडल धरता येते, आणि ते बहुधा अधिक धोक्याचे ठरते. वाहनाच्या पुढे व मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल रंगात इंग्रजी 'एल' अक्षर लावणे ही याच नियमातील अट पाळायला सर्वांत सोपी आहे. दुचाकीवर ती क्वचितच पाळलेली दिसते.

शिकाऊ अनुज्ञप्ती ६ महिने वैध असते आणि ती मिळाल्यापासून ३० दिवस पूर्ण झाल्यावरच पक्क्या अनुज्ञप्तीची चाचणी देता येते. वयाची अट १८ वर्षे आहे. ५० घन सेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीसाठी ती १६ वर्षे आहे. ही चाचणी मोटार वाहन निरीक्षक घेतात. अनेक ठिकाणी इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या आखलेल्या मार्गावर पाय न टेकता गाडी चालवून दाखवावी लागते. कमी वेगातील तोल त्यातून कळतो. अचानक ब्रेक लावणे, वळणावरील वेग किंवा वाहतुकीचा अंदाज यांची परीक्षा त्यात होत नाही. केवळ 'आठ काढणे' शिकवून विद्यार्थ्याला चाचणीला उभे करणारे वर्ग यामुळेच चालतात. ड्रायव्हिंग स्कूलने नियम डावलून अनुज्ञप्ती मिळवून देण्याची हमी देऊ नये, असे केंद्रीय नियमांत स्पष्टपणे लिहावे लागले, यावरूनही वस्तुस्थितीची कल्पना येते.

प्रशिक्षणातील विषय

दुचाकी प्रशिक्षकाच्या तयारीत स्वतःचे चालविणे तपासून घेणे ही पहिली पायरी असते. अनेक वर्षे गाडी चालविणाऱ्यांनाही काही चुकीच्या सवयी जडलेल्या असतात. चारही बोटे सतत क्लचवर ठेवणे, फक्त मागचाच ब्रेक वापरणे, वळताना आरशात पाहणे पण मान न वळविणे या त्यांपैकी नेहमीच्या होत. प्रशिक्षक जे करतो तेच विद्यार्थी उचलतात, तोंडी काहीही सांगितले तरी.

ब्रेकचा विषय सर्वांत महत्त्वाचा मानला जातो. 'पुढचा ब्रेक लावला की गाडी पालथी होते' असा समज महाराष्ट्रात सर्वत्र आहे आणि तो पिढ्यान्‌पिढ्या पुढे दिला जातो. वस्तुतः ब्रेक लावताना वाहनाचा भार पुढच्या चाकावर येतो; त्यामुळे गाडी थांबविण्यात मोठा वाटा पुढच्याच ब्रेकचा असतो. गाडी सरळ असताना दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा हळूहळू दाब वाढवीत लावणे, हे कोरड्या मोकळ्या जागेत पुनःपुन्हा करून घ्यावे लागते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतर थांबायला लागणारे अंतर सुमारे चौपट होते, हे विद्यार्थ्याला जमिनीवर खुणा करून दाखविणे परिणामकारक ठरते. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ घन सेंटिमीटरहून मोठ्या नव्या दुचाकींना चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा आणि त्याहून लहान दुचाकींना निदान दोन्ही ब्रेक जोडणारी सीबीएस यंत्रणा बंधनकारक झाली. तरीही रस्त्यावर जुन्या गाड्या मोठ्या संख्येने असल्याने प्रशिक्षकाला दोन्ही प्रकार शिकवावे लागतात.

त्याखालोखाल येतो तो हाफ क्लच, म्हणजे क्लच अर्धवट सोडून गाडी चालण्याच्या वेगाने पुढे नेणे. हे जमले की गर्दीत, चढावर आणि वळणावर गाडी बंद पडत नाही. नजरेचे शिक्षणही तितकेच आवश्यक असते. चालक जिकडे पाहतो तिकडे गाडी जाते. खड्ड्याकडे टक लावणारा नवशिका हमखास खड्ड्यात जातो. थोड्या अधिक वेगात डावीकडे वळायचे असल्यास हँडलची डावी बाजू किंचित पुढे ढकलावी लागते. ही गोष्ट प्रत्येक चालक नकळत करतो, पण समजावून सांगणे अनेक अनुभवी चालकांना जमत नाही.

गिअरची रचना ही भारतातली खास अडचण आहे. काही मोटारसायकलींत सर्व गिअर एकाच दिशेने पडतात, काहींत पहिला खाली व पुढचे वर असतात. जुन्या बुलेटमध्ये तर गिअर उजव्या पायाशी व ब्रेक डाव्या पायाशी असे. प्रशिक्षकाला या सर्व रचना ठाऊक असाव्या लागतात, कारण विद्यार्थी वर्गात एक गाडी शिकतो आणि घरी दुसरीच चालवितो.

उरलेला भाग शिकविण्याच्या पद्धतीचा असतो. एका वेळी एकच सूचना देणे, चूक घडल्यावर आधी इंजिन बंद करायला लावून मग बोलणे, घाबरलेल्या विद्यार्थ्याला पुढे न रेटणे आणि फाजील आत्मविश्वास असलेल्याला वेळीच रोखणे या गोष्टी प्रत्यक्ष विद्यार्थ्यांसमोर उभे राहिल्याशिवाय येत नाहीत.

ग्रामीण भागातील स्थिती

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यातले जानेफळ हे ग्रामीण परिस्थितीचे प्रातिनिधिक उदाहरण मानता येईल. जिल्ह्याचे वाहन नोंदणी चिन्ह एमएच-२८ असून परिवहन विभागाचे जिल्हा कार्यालय बुलढाणा येथे आहे. अशा गावांत दुचाकी हे शेतात जाण्याचे, बाजाराचे, दवाखान्याचे आणि शाळा-महाविद्यालयाचे वाहन असते. मुलगा मोठ्या भावाच्या किंवा काकाच्या मागे बसून ती पाहतो आणि एखाद्या दिवशी शाळेच्या मैदानावर किंवा शेतरस्त्यावर हँडल हाती घेतो, पुष्कळदा वयाची अट पूर्ण होण्याआधीच. २०१९ च्या सुधारणेनुसार अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालक अथवा वाहनमालकाला ३ वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

घरच्या शिक्षकाकडे आपुलकी असते, मैदान असते आणि वेळही असतो. मात्र त्याने स्वतः ज्या चुका शिकलेल्या असतात त्याच तो शिकवितो. शहरातल्या पाठ्यक्रमातही इथल्या रस्त्यांचे प्रश्न फारसे येत नाहीत. पावसाळ्यात शेतातून येणाऱ्या ट्रॅक्टरांच्या चाकांबरोबर डांबरी रस्त्यावर आलेली काळी माती, रात्री मागे दिवा अथवा परावर्तक नसलेली ट्रॉली, अंधारातून अचानक आडवे येणारे रोही व रानडुक्कर, रस्त्याच्या कडेला वाळत घातलेले धान्य आणि खुणेविना उभारलेले गतिरोधक यांना सामोरे कसे जावे, हे या भागातील प्रशिक्षकाच्या अभ्यासक्रमात असायला हवे. मागे आडवे बसलेल्या महिलेचा पदर किंवा ओढणी चाकात अडकून होणारे अपघातही त्यात येतात. मागच्या चाकाला किमान अर्ध्या भागात आच्छादन असावे, असे केंद्रीय नियमांत म्हटले आहे. मेहकर तालुक्यातूनच जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेश नाही, त्यामुळे दुचाकीस्वारांची वाहतूक जुन्या राज्यमार्गांवर व गावरस्त्यांवरच राहते.

या भागातील इच्छुक तरुणाला दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम करून व ५ वर्षांचा अनुभव घेऊन प्रशिक्षकाची अर्हता मिळविता येते. व्यवहारात असे तरुण गॅरेजकडे किंवा मोटारीच्या शिकवणीकडे वळतात, कारण दुचाकी शिकण्यासाठी पैसे मोजणारे विद्यार्थी गावात कमी असतात. याला अपवाद महिलांचा आहे. पुणे व अन्य शहरांत महिलांसाठी स्वतंत्र स्कूटर वर्ग चालतात व त्यांत महिला प्रशिक्षक असतात. घरच्या माणसाच्या रागावण्यापेक्षा अनोळखी प्रशिक्षक बरा, असे मानून अनेक गृहिणी फी भरून शिकतात.

अपघात व प्रशिक्षण

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ७४,८९७, म्हणजे सुमारे ४४.५ टक्के, दुचाकीवरील होत्या. त्याच वर्षी महाराष्ट्रातील एकूण मृत्यू १५,२२४ होते. देशात हेल्मेट न घातल्याच्या नोंदीत ५०,०२९ मृत्यू असून त्यांतील १४,३३७ मागे बसलेल्यांचे होते. शिकवणीच्या पहिल्या दिवसापासून, मैदानावरही, विद्यार्थी व प्रशिक्षक दोघांनी हेल्मेट घालावे हा नियम सर्व प्रगत प्रशिक्षण पद्धतींत यामुळेच आढळतो.

अन्य देशांतील पद्धती

ब्रिटनमध्ये डिसेंबर १९९० पासून नवशिक्या दुचाकीस्वारांना सक्तीचे प्राथमिक प्रशिक्षण आहे. ते देणाऱ्या प्रशिक्षकाचे वय किमान २१ असावे लागते आणि बेडफर्डशायरमधील कार्डिंग्टन येथील शासकीय केंद्रात त्याचे दोन दिवस मूल्यमापन होते. प्रशिक्षक स्वतंत्र मोटारसायकलवरून विद्यार्थ्यामागे जातो व रेडिओद्वारे सूचना देतो. मैदानावर एका प्रशिक्षकामागे जास्तीत जास्त चार आणि रस्त्यावर दोनच विद्यार्थी असू शकतात. मागच्या आसनाचा प्रश्न तिथे अशा रीतीने सोडविण्यात आला.

अमेरिकेत १९७३ साली स्थापन झालेल्या मोटारसायकल सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासक्रमात भावी प्रशिक्षक आधी एकमेकांना व नंतर देखरेखीखाली खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवून दाखवितात. जपानमध्ये होंडा कंपनीने १९७० साली सुरक्षित चालनाच्या प्रसारासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. तिच्या भारतीय शाखेने काही शहरांत वाहतूक प्रशिक्षण उद्याने चालविण्यास घेतली असून महाराष्ट्रात ठाणे व येवला येथे अशी उद्याने आहेत. कंपनीचे प्रशिक्षक तेथे शाळकरी मुले व प्रौढांना शिकवितात.

मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रे

१ जुलै २०२१ पासून केंद्र शासनाने मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची योजना लागू केली. दुचाकी, तीनचाकी व हलक्या वाहनांच्या केंद्रासाठी किमान १ एकर जागा, चालनाचा आभास निर्माण करणारे सिम्युलेटर यंत्र व आखलेला चाचणी मार्ग आवश्यक ठरविण्यात आला. तेथील प्रशिक्षकासाठी शैक्षणिक अट बारावी उत्तीर्णतेपर्यंत वाढविण्यात आली. अनुभवाची अट ५ वर्षांचीच राहिली. केंद्रातून उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला परिवहन कार्यालयातील चालन चाचणीतून सूट मिळते. त्यामुळे अशा केंद्रात विद्यार्थ्याला तयार म्हणणे हे प्रशिक्षकाचे मत न राहता अनुज्ञप्तीचा आधार बनते.