सेल्युलोजवरचे रासायनिक कलम : हायड्रोजेल ओलावा कसा धरते आणि कुठे वापरावे?

पेरणी झाली आणि पावसाने दोन आठवडे ओढ दिली, की कोरडवाहू शेतकऱ्याचे सर्वांत मोठे नुकसान उगवणीत होते. अशा वेळी ‘वजनाच्या ३५० पट पाणी धरणारे दाणे’ ही हायड्रोजेलची जाहिरात लक्ष वेधून घेते. हा आकडा खोटा नाही, मात्र तो शुद्ध पाण्यात मोजलेला आहे. आपल्या विहिरीच्या पाण्यात आणि आपल्या जमिनीत हे दाणे किती फुगतील, हे वेगळे गणित आहे. ते समजण्यासाठी हा पदार्थ कसा तयार होतो, ते आधी पाहू.

खुंट सेल्युलोजचा, फांद्या कृत्रिम

सेल्युलोज हा वनस्पतींच्या पेशीभित्तिकेचा मुख्य घटक आहे. कापसाच्या धाग्यात तो सुमारे ९० टक्के असतो. ग्लुकोजचे हजारो घटक एकापुढे एक जोडून त्याची लांब साखळी बनते. प्रत्येक घटकावर पाणी धरू शकणारे ३ हायड्रॉक्सिल गट असतात. तरीही सेल्युलोज पाण्यात विरघळत नाही, कारण शेजारच्या साखळ्या एकमेकींना घट्ट धरून असतात. त्यामुळे कापूस भिजतो, पण फुगून त्याचे जेल होत नाही.

आंब्याचे कलम करताना आपण गावठी खुंटाचा काटकपणा ठेवतो आणि त्यावर हव्या त्या जातीची काडी बांधतो. रसायनशास्त्रातले कलमही असेच आहे. येथे खुंट सेल्युलोजचा असतो आणि त्यावर ॲक्रिलिक आम्लासारख्या कृत्रिम रेणूंच्या फांद्या वाढवतात.

ही प्रक्रिया थोडक्यात अशी :

- सेल्युलोजवर आधी प्रक्रिया करून ते पाण्यात मिसळेल असे करतात. कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज हा त्याचा परिचित प्रकार आहे.
- पोटॅशिअम पर्सल्फेट किंवा सेरिअमचे क्षार वापरून साखळीवर क्रियाशील जागा तयार करतात. सेरिअमची पद्धत मिनो आणि कायझरमन यांनी १९५८ मध्ये मांडली.
- त्या जागी ॲक्रिलिक आम्लाचे रेणू एकामागून एक जुळतात आणि फांदी वाढते.
- फांद्या एकमेकींना जागोजागी जोडतात. या गाठींमुळे जाळे तयार होते. ते पाण्यात फुगते, पण विरघळत नाही.

काही कृत्रिम साखळ्या खुंटाला न जुळता सुट्याच वाढतात. त्या धुऊन काढाव्या लागतात. न जुळलेले मूळ रसायनही उत्पादनात शिल्लक राहता कामा नये. तयार पॉलिमर विषारी नसले, तरी ॲक्रिलिक आम्ल त्वचेला दाहक आहे आणि काही प्रकारांत वापरले जाणारे ॲक्रिलामाइड मज्जासंस्थेला घातक आहे.

संशोधनाची वाटचाल

१९७० च्या दशकात अमेरिकेच्या कृषी विभागाच्या पिओरिया (इलिनॉय) येथील प्रयोगशाळेने मक्याच्या स्टार्चवर असे कलम करून पाणी शोषणारा पदार्थ तयार केला. आपल्याकडे नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने सेल्युलोजचा खुंट वापरून ‘पुसा हायड्रोजेल’ विकसित केले आणि त्याचे तंत्रज्ञान परवान्याने कंपन्यांना दिले. उष्ण हवामानातही चांगले फुगणे आणि एकरी अल्प मात्रा ही त्याची वैशिष्ट्ये आहेत.

पाणी कसे धरले जाते?

फांद्यांवरील कार्बॉक्सिलेट गटांवर ऋण भार असतो. पाणी मिळाले की हे गट एकमेकांना दूर लोटतात, जाळे पसरते आणि पाणी आत ओढले जाते. माती सुकू लागली की यातले बरेचसे पाणी मुळांना मिळते. पुढच्या पावसात किंवा ओलितात दाणे पुन्हा फुगतात.

क्षारयुक्त पाण्यात मात्र ही ताकद घटते. सलाइनइतक्या, म्हणजे ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात शुद्ध पाण्यात ३५० पट फुगणारे जेल ५० पटींच्या आसपास येऊ शकते. विहिरीचे पाणी सहसा इतके खारे नसते. पण जड पाण्यातील कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम जास्त त्रास देतात, कारण ते दोन ऋण गटांना एकत्र बांधतात आणि जाळे आवळले जाते. चुनखडीयुक्त जमीन आणि जड पाणी असलेल्या शेतात म्हणूनच परिणाम कमी दिसतो.

एकरी गणित

शिफारस केलेली मात्रा एकरी १ ते २ किलो आहे. २ किलो जेलने पूर्ण क्षमतेने म्हणजे ३५० पट पाणी धरले, तरी ते ७०० लिटर होते. एका एकरावर १ मि.मी. पाऊस पडला, तर सुमारे ४,००० लिटर पाणी होते. म्हणजे जेलमधला एका वेळचा साठा ०.२ मि.मी. पेक्षाही कमी आहे. पूर्ण वाढलेल्या पिकाची रोजची गरज ४ ते ५ मि.मी. असते.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. शेतभर फोकून दिलेले जेल वाया जाते. तसेच ‘एकदा टाका, निम्मे ओलित वाचवा’ या भरवशावर पाण्याच्या पाळ्या ठरवू नयेत.

मग उपयोग कुठे होतो? जिथे पाण्याची गरज थोडी आणि नेमकी असते तिथे, म्हणजे उगवणारे बी आणि नुकतेच लावलेले रोप. समजा, एकरी ६,००० रोपे आहेत आणि १ किलो जेल मुळांजवळ दिले. प्रत्येक रोपाच्या वाट्याला सुमारे ०.१७ ग्रॅम जेल येते, म्हणजे शुद्ध पाण्यात जास्तीत जास्त ६० मि.लि. साठा. मुळे रुजेपर्यंतच्या दिवसांत एवढा आधारही रोप वाचवू शकतो.

वापरण्याची पद्धत

- पेरणी : १ भाग जेल १० भाग बारीक कोरड्या मातीत मिसळून पेरणीच्या वेळी सरीत, बियाण्याच्या जवळ द्यावे.
- रोपवाटिका : प्रति चौरस मीटर २ ग्रॅम जेल वाफ्याच्या वरच्या ५ सें.मी. थरात सारखे मिसळावे.
- पुनर्लागवड : १ लिटर पाण्यात २ ग्रॅम जेल टाकून अर्धा तास ठेवावे. त्यात रोपांची मुळे बुडवून लगेच लागवड करावी. या द्रावणात कॅल्शिअम नायट्रेट किंवा मॅग्नेशिअम सल्फेट मिसळू नये.
- ओल्या हाताने जेल हाताळू नये. ते हाताला चिकटते आणि गोळे होतात. पाकीट हवाबंद ठेवावे.
- मात्रा वाढवू नये. जास्त जेल फुगल्यास मुळांजवळची हवा कमी होते.

कोणत्या जमिनीत?

हलक्या, मुरमाड आणि रेताड जमिनीत फायदा दिसण्याची शक्यता जास्त असते. भारी काळी जमीन स्वतःच भरपूर पाणी धरते, त्यामुळे तिथे खर्च निघेलच असे नाही. पाणी साचणाऱ्या शेतात जेल वापरू नये.

विकत घेण्यापूर्वी घरची चाचणी

१. दोन भांडी घ्या. एकात १ लिटर पावसाचे किंवा डिस्टिल्ड पाणी, दुसऱ्यात १ लिटर आपल्या विहिरीचे पाणी भरा.
२. प्रत्येकात अचूक १ ग्रॅम जेल टाका. सोनाराच्या काट्यावर वजन करून घेता येईल.
३. चार तासांनी ओल्या, पिळलेल्या मलमलच्या कापडातून गाळा, पाणी निथळू द्या आणि फुगलेल्या जेलचे वजन करा.
४. विहिरीच्या पाण्यातले वजन किती ग्रॅम भरले, तितके पट जेल आपल्या शेतात फुगेल असे ढोबळमानाने समजा आणि वरचे एकरी गणित त्या आकड्याने पुन्हा करा.

‘पूर्ण जैविक’ या दाव्याबद्दल

सेल्युलोजचा खुंट जमिनीतील सूक्ष्मजीव कुजवतात. ॲक्रिलेटच्या फांद्या मात्र फार सावकाश तुटतात. त्यामुळे वेष्टनावर सेल्युलोजचे नाव आहे म्हणून उत्पादन पूर्ण नैसर्गिक ठरत नाही. सेंद्रिय प्रमाणीकरण असलेल्या शेतकऱ्यांनी वापरापूर्वी प्रमाणीकरण संस्थेची लेखी परवानगी घ्यावी.

पिकाच्या अवशेषांचे आच्छादन, शेणखत आणि बांधबंदिस्ती यांना हायड्रोजेल पर्याय नाही. ही कामे झाल्यानंतरचा तो पूरक उपाय आहे. पहिल्या हंगामात ८-१० ओळींतच वापर करावा, शेजारच्या तितक्याच ओळी जेलविना ठेवाव्यात आणि उगवण, रोपांची मर व उत्पादन यांची नोंद करावी. फरक खर्चापेक्षा जास्त असेल, तरच क्षेत्र वाढवावे.